दोन भावांचा मोज

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो एका बारीक आवाजानं. बा उठायचा, तोंडही न धुता कोनाड्यापुढं उकिडवा बसायचा आणि एका गाडग्यातली एक गुंज उचलून दुसऱ्या गाडग्यात टाकायचा. टक्. तेवढाच आवाज. मग माय चूल पेटवायची, नांदेडच्या रस्त्यावर पहिली एसटी गिअर बदलत चढ चढायची, पत्र्यावर साळुंक्यांची नखं वाजायला लागायची. हे सगळं त्या आवाजानंतर. लहानपणी मला खरंच वाटायचं की बानं गुंज टाकली नाही तर गाडी येणार नाही. आता निवृत्त होऊन हिंगोलीत सिमेंटच्या घरात राहते, सकाळी मोबाइलचा गजर होतो, तरी डोळे उघडण्याआधी कान काहीतरी शोधत असतात. ते प्रेमापोटी नाही. दुखऱ्या दाताकडं जीभ जाते, तसं.

आमचं आडनाव जोशी. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा हेडमास्तरांनी सत्यनारायणाला काय काय लागतं ते मला विचारलं होतं. आम्ही ते जोशी नव्हे. आम्ही फिरस्ते, आजोबापर्यंत पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडलेले, दारात उभं राहून भविष्य सांगून पीठ मागितलेले. आजोबानं कळमनुरीजवळच्या गावाबाहेर पाल ठोकलं ते पुन्हा उपटलं नाही. पंचांग आमच्याकडं नव्हतं. होता तो मोज. सत्तावीस गुंजा, सत्तावीस दिवस. रोज एक. सत्तावीस झाल्या की पुन्हा पहिलीपासून. प्रत्येक दिवसाला नाव होतं: पेरती, उभी, वाटपाही, आंधळी, रुसकी, भरली, मुकी, अशी सत्तावीस. आंधळीला हरवलेली वस्तू शोधायला निघायचं नाही, रुसकीला पोरगी सासरी धाडायची नाही, भरलीला कणगी भरायची. नक्षत्रं सत्तावीस म्हणून गुंजाही सत्तावीस असाव्यात, पण आभाळाशी त्यांचं नातं कधीच तुटलं होतं. चंद्र कुठंही असो, पेरतीनंतर उभी. "आभाळ ढगात जातं," बा म्हणायचा, "मोज ढगात जात न्हाई."

हा मोज एकट्याचा नव्हता. आजोबानं जाताना दोन्ही लेकांना गाडग्यांची एकेक जोडी दिली होती. थोरला, म्हणजे माझा काका, सेनगावकडं सासऱ्याच्या गावी राहायचा. धाकटा माझा बा. दोघांकडं एकच मोज, एकाच सकाळी एकच नाव. नियम दोन. एका दिवशी दोन गुंजा टाकायच्या नाहीत. आणि दिवस चुकल्यासारखा वाटला तर अंदाजानं भरायचा नाही, भावाच्या दारात जाऊन विचारायचं, "आज कोणती?" भाऊ सांगेल ती खरी. म्हणून तर दोन जोड्या. दरवर्षी पितरांना काका, काकू आणि माझी चुलत बहीण विमल आमच्याकडं यायची. काका उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी विचारायचा, "आज कोणती?" बा आतून नाव सांगायचा, मगच काका हसून आत यायचा. मग वडे, गवारीची भाजी, कढी, आणि गव्हाची खीर. विमल आणि मी एकाच ताटात जेवायचो, आणि खिरीतला गूळ खाली बसतो म्हणून तळापासून ढवळायचं कुणी यावरून भांडायचो.

लोक बाच्याकडं यायचे ते असल्या-नसल्या सगळ्या गोष्टी घेऊन. म्हैस हरवली, जावई रागावून गेला, विहीर कुठं खणायची. बा समोरच्याच्या हातानं मूठभर ज्वारी घोंगडीवर टाकायला लावायचा, चारचार दाणे बाजूला सारायचा, उरलेल्या दाण्यांइतकी घरं आजच्या गुंजेपासून पुढं मोजायचा आणि ज्या नावावर यायचा त्या नावानं बोलायचा. त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास होता का, असं आता कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. त्याच्या ऐकण्यावर होता. हट्टा गावाकडची एक बाई आली होती, लेकरू गेलेली. बानं तिची मूठ मोजलीच नाही. नुसता समोर बसून राहिला, आणि ती बाई दुपारभर बोलून, भाकर खाऊन गेली.

अशा घरी मोहरीर सर आले. शहरातल्या विद्यापीठात लोकपरंपरा शिकवायचे. गोरे, बारीक, बोलताना समोरच्याच्या खांद्याच्या थोडं वर बघणारे. त्यांच्यासोबत टेपरेकॉर्डर होता आणि एक जाड वही. कुणाकडून तरी मोजाबद्दल ऐकून ते जीप करून आले होते. बानं घाईघाईनं घोंगडी झटकली, तर सर थेट जमिनीवर बसले. त्या एका गोष्टीनं बा त्यांचा झाला. आमच्या जमिनीवर तोवर कुठला साहेब बसला नव्हता.

सरांना आमची बोली पुरती कळायची नाही आणि बाला त्यांचे प्रश्न. मी तेव्हा दहावीत होते, अक्षर चांगलं होतं. मग सर विचारायचे, बा सांगायचा आणि मी वहीत पुस्तकी मराठीत लिहायची. रोजची तारीख, तिच्यापुढं त्या दिवसाची गुंज, आणि कोण काय विचारायला आलं. सर महिन्याकाठी यायचे, मधले दिवस मी भरून ठेवायची. तो सगळा हिवाळा माझ्या अक्षरात त्या वहीत होता. परीक्षेआधी ती वही भरली ती सर घेऊन गेले, दुसरी मी पेपर संपल्यावर सुरू केली. सर बाला "गुरुजी" म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा बानं मागं वळून पाहिलं होतं, शाळेचे गुरुजी आले की काय म्हणून. पुढं पुढं तो त्या हाकेला लगेच ओ द्यायला लागला. सर येणार असले की सदरा धुवायला टाकायचा. माय एकदा म्हणाली, "त्या मानसाम्होरं तू लईच बोलून राहिला. आपलं कायतरी आपल्यापाशी असू दे." बा म्हणाला, "अडाण्याला काय कळतंय? माझ्या बापाचा मोज पुस्तकात जाऊन राहिला."

माझ्या दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत बाला विषमज्वर झाला. नांदेडला सरकारी दवाखान्यात ठेवलं, माय त्याच्यासोबत गेली. जाताना बैलगाडीत पडल्या पडल्या बानं माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापलेला. "कौशे, मोज तुझ्या हाती. उठलीस की पयलं ते." मी व्हय म्हटलं, आणि दहा-बारा दिवस बिनचूक टाकल्या. परीक्षेचं केंद्र कळमनुरीला होतं. गणिताच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कांबळे गुरुजींनी मला त्यांच्या घरी ठेवून घेतलं. त्यांची सुजाता माझ्याच वर्गात होती, दोघींना ते भूमिती करून घेणार होते. सकाळी मी त्यांच्याच घरून पेपरला गेले, पेपर बरा गेला म्हणून बाजारातून भजी घेऊन आम्ही दोघी खात आलो. तिन्हीसांजेला घरी पोचले, शेजारच्या आजीच्या घरी जेवले आणि झोपले. दुसऱ्या सकाळी उठले, एक गुंज टाकली आणि अभ्यासाला बसले. एकच टाकली. आदल्या दिवसाची राहिली हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

ध्यानात आलं ते बा घरी आल्यावर. हाडांचा सापळा झालेला बा मायच्या खांद्यावर हात टाकून सरळ कोनाड्यापुढं गेला, हातानं चाचपून गुंजा मोजल्या आणि म्हणाला, "आज वाटपाही." त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघताना मला भज्यांचा कागद आठवला. त्याच वेळी बोलायला हवं होतं. नियम साधा होता. काकाच्या दारात जायचं, विचारायचं, संपलं. कुणी मारलं नसतं. पण बाचे पाय काडीसारखे झाले होते, आणि मला वाटलं, एक दिवस, कुणाला कळतंय. सोळाव्या वर्षी हे वाटणं माफ असेल. त्यानंतर जे मी केलं त्याला वयाची सबब नाही.

पितरांना काका आला. त्या वर्षी मोहरीर सरही होते, भावांचं विचारणं त्यांना टेपवर घ्यायचं होतं. यंत्र सुरू करून ते अंगणात बसले. काकानं उंबऱ्याबाहेरून विचारलं, "आज कोणती?"

"आंधळी," बा आतून म्हणाला.

काका हसला नाही. "पुन्यांदा सांग."

"आंधळी, दादा."

"आज रुसकी हाय."

चुलीवर कढीला फोडणी बसत होती. दोघांनी आपापल्या बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. काका आत आला, बाच्या शेजारी बसला आणि रागावला नाही, हे मला नीट आठवतं. तो म्हणाला, "तू दुखण्यात व्हतास. तवा मोज कोन बघत व्हतं?"

बानं मला हाक मारली. मी वड्यांचं पीठ लागलेले हात घेऊन पुढं आले. "कौशे, खरं सांग लेकरा. एक बी दिस चुकला न्हाई ना?"

अंगणात टेप फिरत होती. सर माझ्याकडं बघत होते, विमल बघत होती. मी म्हटलं, "न्हाई."

बानं मान ताठ केली. "माझी पोरगी इस्कूल शिकलेली हाय, दादा. रोज वहीत लिवून ठिवती. तुझाच कुठं तरी सांडला आसंल."

तरीही ते मिटलं असतं. काका थोरला होता, आणि जेवण झाल्यावर बाचा सूर उतरला होता. "दादा म्हनतो तर तसं. बापानं सांगूनच ठिवलंय," असं तो मायजवळ बोलला ते मी ऐकलं. पण सर मध्ये पडले. त्यांचे डोळे लकाकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, कृपा करून काही बदलू नका. दोघांनीही आपापला मोज आहे तसाच चालू ठेवा. ही चूक नाही. या दोन शाखा आहेत." आणि त्यांनी काकाला विचारलं, तुमचे वडील दिवस कधी सुरू झाला मानायचे? काका म्हणाला, सकाळी. सरांनी पुन्हा पुन्हा विचारल्यावर काका कंटाळून म्हणाला, "म्हातारा एकदा बोलला व्हता बुवा, गुरं घरी आली की दुसरा दिस लागला म्हनून." झालं. सरांनी ते लिहून घेतलं. काका संध्याकाळपासून दिवस धरणारा, म्हणून एक घर पुढं. बा सकाळपासून धरणारा, म्हणून एक घर मागं. काकाचा अस्तपक्ष, बाचा उदयपक्ष. काका म्हणत राहिला, "साहेब, मी बी सकाळीच टाकतो की." सर म्हणाले, "आता टाकता. मूळ परंपरा तशी नसणार."

बाला ते आवडलं. भावापुढं हार मानायची गरज उरली नव्हती, उलट त्याचा एक अख्खा पक्ष झाला होता. काका जाताना खिरीचा डबा न घेता गेला.

पुढच्या उन्हाळ्याआधी विद्यापीठात मोठं चर्चासत्र ठरलं. दोघा भावांना मंचावर बसवायचं होतं. दहावीनंतर मी घरीच होते, बासोबत मी गेले. सरांनी निबंध टंकून ठेवला होता, तो मला वाचायला दिला, बोलीतले शब्द बरोबर आहेत का बघायला. त्यात एक तक्ता होता: तारीख, धाकट्या भावाची गुंज, थोरल्या भावाची गुंज. तक्ता पितरांच्या दिवसापासून सुरू होत होता. मी लिहिलेला हिवाळा त्यात कुठंच नव्हता.

मी व्हरांड्यात सरांना गाठलं आणि सांगितलं. गणिताचा पेपर, कांबळे गुरुजींचं घर, एक गुंज. सर चष्मा काढून पुसायला लागले. मग म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"न्हाई सर."

"मग सांगू नकोस. तू घाबरलेली होतीस, तुला नीट आठवत नसेल. आणि एका मुलीच्या आठवणीवर परंपरेचा निर्णय होत नाही."

"आठवणीवर कशाला सर? पयल्या वहीत बघा ना. माज्या परीक्षेच्या आधीच्या तारखा हायेत, त्यातून सत्तावीस-सत्तावीस वजा करत आलं की..."

"ती वही सध्या माझ्याकडे नाही," सर म्हणाले. आणि तेवढ्याच शांतपणे पुढं म्हणाले, "तुझ्या कॉलेजचं काय ठरलं? मुलींच्या वसतिगृहात माझी ओळख आहे. तुझ्यासारख्या मुलीनं गावात राहू नये."

मला तो सौदा आहे हे कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, ते खोटं आहे. मला शिकायचं होतं. मी मान हलवली.

मंचावर दोघा भावांना फेटे बांधून बसवलं होतं. समोर पंखे, खुर्च्या, शिकलेली माणसं. सरांचा निबंध झाल्यावर कुणीतरी गमतीनं विचारलं की मग आज नक्की कोणता दिवस? हशा झाला. काकाला तो हशा लागला. त्यानं माइक ओढून घेतला. "माझ्या भावाचा मोज चुकला हाय. पक्ष-बिक्ष काय न्हाई. त्यानं माझ्या दारात येऊन इचारावं, मी सांगतो." बा फेट्यासकट उठला. "आन् माझ्या लेकीची वही? तुला अक्षर तरी वळखाया येतं का?" पुन्हा हशा, मग टाळ्या. वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. मी तिसऱ्या रांगेत होते. उठून दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागला असता.

त्या फोटोनं गावाकडं काय झालं ते सरांना कधी कळलं नसावं, किंवा कळून उपयोग नव्हता. लोक म्हणायला लागले, दोघा सख्ख्या भावांचं जुळेना, मग यांच्या मुठीचं काय खरं? बाच्याकडं येणारी माणसं रोडावली. सेनगावकडं काकाचंही तेच. विमलचं लग्न ठरलं, काकानं भरली बघून दिवस धरला. बाच्या मोजानं त्या दिवशी रुसकी येत होती. माय पाया पडली, पण बा हलला नाही. "रुसकीला पोरगी वाटं लावायची आन् मी अक्षता टाकायच्या? जमनार न्हाई." मी वसतिगृहातून एकटी गेले. विमल हळदीच्या अंगानं दारात उभी होती, माझ्या मागं रस्त्याकडं बघत. काकानं विचारलं, "तुझा बा?" मी म्हटलं, "तब्येतीची तकलीफ हाय." काका म्हणाला, "बरं," आणि मांडवात निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. पितर दोन घरी दोन झाले.

मागच्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडं आली होती. संशोधन करते. चुणचुणीत, मोबाइलवर आवाज घेत होती. तिला उदयपक्ष-अस्तपक्षाबद्दल विचारायचं होतं. मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं की हे दोन्ही पक्ष म्हणजे मी. एका मुलीनं परीक्षेच्या दिवशी न टाकलेली गुंज. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे कुठं छापलेलं आहे का? नाही तर मला संदर्भ देता येणार नाही." म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. घे बाई, छापलं.

सरांचं पुस्तक आलं तेव्हा मी नोकरीला लागून, लग्न होऊन स्थिरावले होते. त्यांनी बासाठी एक प्रत पाठवली, जाड पुठ्ठ्याची, मुखपृष्ठावर बाचे हात. सुटीत मी माहेरी गेले होते. दुपारची वेळ, माय उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होती. बा म्हणाला, "वाच." मी वाचायला लागले. बा डोळे मिटून ऐकत होता, स्वतःचं नाव आलं की मान हलवत होता. सुरुवातीलाच आभाराचं पान होतं. त्यात लिहिलं होतं की कु. कौसल्या जोशी हिच्या अचूक नोंदींशिवाय हा ग्रंथ सिद्ध झाला नसता. 'अचूक' शब्दापाशी मी थांबले. बानं डोळे उघडले. "काहून थांबलीस?"

मी सांगितलं. सगळं, वहीपर्यंत, वसतिगृहापर्यंत. मायचे शेंगा सोलणारे हात थांबले. बा ओरडला नाही. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या.

"त्या साहेबाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"फेटे बांधायच्या आदी?"

"व्हय, बा."

तो उठला, सदरा अंगात घातला, टोपी घातली. "चल. सेनगावची गाडी बघ."

हिंगोलीपर्यंत एसटी, तिथून पुढं जीप. जीपमध्ये बा माझ्या शेजारी बसून होता पण अंग चोरून. सोयाबीन काढून ढीग लावलेली रानं जात होती, मध्येच कुणी ओळखीचं भेटून रामराम घालत होतं, बा हात वर करत होता. काकाच्या घरी पोचलो तेव्हा काका ओसरीवर बाजेवर बसून दोरी वळत होता. केस पांढरे झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. काकूनं आम्हाला पाहून तोंडावर पदर धरला. बा आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला,

"दादा, आज कोणती?"

काकानं वर पाहिलं. दोरीचा पीळ सुटू नये म्हणून ती पायाच्या अंगठ्यात धरून ठेवली.

"आज बुधवार हाय," तो म्हणाला.

बाला वाटलं, राग आहे. तो घाईघाईनं म्हणाला, "माझाच चुकला व्हता, दादा. पोरीच्या हातून दिस सांडला. तू सांगशील ती बराबर."

"काय सांगू? मी मोडला मोज. इमलच्या लग्नाला तू आला न्हाईस, दुसऱ्या दिशी मोडला. गुंजा पोरं खेळायला घेऊन गेली." काकानं दोरीला पीळ दिला. "दोन घरांचा व्हता तवर मोज व्हता. एकट्यानं काय, गोट्या मोजायच्या?" मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता शिवी येईल. तो म्हणाला, "बस पोरी. लांबून आलीस."

काकूनं भाकरी टाकल्या, अंबाडीची भाजी केली. दोघं भाऊ शेजारी बसून जेवले. पावसाचं बोलले, मोतीबिंदूचं बोलले, विमलला तिसरी मुलगी झाली ते काकूनं सांगितलं. निघताना काकानं बाच्या खांद्यावर हात ठेवला, बानं तो राहू दिला. त्यांच्यात परत येणं-जाणं सुरू झालं, पण दोन म्हाताऱ्या ओळखीच्या माणसांसारखं, तब्येती विचारण्यापुरतं.

परतीच्या जीपची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. मी म्हटलं, "बा, एकच दिवस तर हाय. कोणता ते बी ठावं हाय. एक गुंज टाकून दे, मोज बराबर होईल."

"कुनाच्या सांगन्यावरून?" बा म्हणाला. "नेम भावाचा व्हता. जिनं सांडला तिच्या सांगन्यावरून भरत नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आवाज झाला नाही. माय उठली, चूल पेटली, एसटी गेली. बा तोंड धुऊन अंगणात बसला होता.

मी मोहरीर सरांना पत्र लिहिलं, चार पानांचं. उत्तर कार्डावर आलं. थोरल्या भावाची शाखा लुप्त झाल्याचं वाचून वाईट वाटलं, यामुळं आपल्या आधीच्या नोंदींचं मोल वाढलं आहे, गुरुजींना नमस्कार.

बा त्यानंतर नऊ वर्षं जगला. माझ्याशी तो अबोला धरून नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मी गेले की सांगायचा, मिरची यंदा बरी आली, शेजारचा बैल विकला, पत्रा गळून राहिला. सांगायचा. विचारायचा नाही. कधी आलीस, किती दिवस राहणार, लेकरू कोणत्या वर्गात गेलं, काही नाही. माझ्याबद्दल काय हवं ते तो मायला विचारायचा. शेवटच्या दिवाळीला आम्ही नवराबायको त्याच्या बाजेजवळ बसलो होतो. मी त्याच्या पायांना तेल लावत होते. बानं माझ्या नवऱ्याकडं तोंड वळवलं आणि विचारलं,

"जावईबापू, ती जेवली का?"